हॉटेलातही यजमान हवा

आईची साठी, बाबांची पंच्याहत्तरी, नातवाचा अठरावा वाढदिवस. असे दिवस मोठ्या हॉटेलात साजरे करायची पद्धत पुण्यात आता चांगली रुळली आहे. कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बंडगार्डन रस्ता, सेनापती बापट रस्ता, बाणेर, बालेवाडी, कुठेही शनिवारी रात्री जाऊन पाहा, एखाद्या तरी टेबलावर केक कापणं चाललेलं असतं. या खर्चाला नाकं मुरडावीत असं मला मुळीच वाटत नाही. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाढदिवसाला पुऱ्या तळल्या, तिच्या वाढदिवशी कुणीतरी तिच्यापुढे गरम जेवण आणून ठेवावं, आणि तेही शहरातल्या चांगल्यात चांगल्या ठिकाणी, यात वावगं काय आहे? मुलं कमावती झाली, त्यांना आईबाबांना असं काही द्यावंसं वाटतं, ही चांगलीच गोष्ट आहे.

माझी विनंती त्यापुढची आहे. अशा जेवणात बरेचदा जिचा वाढदिवस तीच सगळ्यात गप्प बसलेली दिसते. मेन्यूकार्ड तिच्या हातात असतं, पण ती ते मिटून ठेवते आणि म्हणते, ‘‘तुम्हीच मागवा, मला काहीही चालेल.’’ मुलगा म्हणतो, ‘‘आई, सांग ना काहीतरी.’’ सून दोन नावं वाचून दाखवते. मग सगळ्यांचं आपापलं मागवून होतं आणि आईसाठी व्हेज पुलाव येतो. घरी परतताना ती म्हणते, ‘‘छान होतं सगळं, पण कशाला एवढा खर्च केलात?’’ मुलांना वाटतं, आईला कशाचं कौतुकच नाही. तसं नसतं. त्या टेबलावर आपलं बघायला कुणी नाही, एवढंच तिला जाणवलेलं असतं.

पंगतीत बसलेल्या माणसाला काही मागावं लागत नाही. वाढपी येतो, यजमानीण येते, ‘अर्धी तरी घ्या’ म्हणते, नको म्हटलं तरी पोळी पानात पडते. कुणाला गोड चालत नाही, कुणाला तिखट सोसत नाही, कोण पहिल्या भातानंतर उठणार, हे सगळं यजमानाच्या ध्यानात असतं. मोठ्या हॉटेलात नेमकं उलट घडतं. तुम्हाला काय हवं ते तुम्हीच बोलायचं, ते इंग्रजी, इटालियन किंवा थाई नावातून शोधायचं, उजव्या बाजूची किंमत डोळ्यांसमोर ठेवून ठरवायचं, आणि तेही वेटर शेजारी उभा असताना. स्वतःची आवड तोंडाने सांगायची सवय ज्या पिढीतल्या बायकांना कधी लागलीच नाही, त्यांना हे अवघड जातं. बाबांचंही फार वेगळं नसतं. आयुष्यभर त्यांनी आधी किंमत वाचली आणि मग पदार्थ ठरवला.

पुण्याला बाहेर जेवण्याची सवय जुनीच आहे. कॅम्पातलं दोराबजी १८७८ सालचं, टिळक रस्त्यावरची बादशाही १९३२ ची, डेक्कनवरचं गुडलक १९३५ चं. पण घरातलं कार्य मात्र घरात किंवा मंगल कार्यालयात व्हायचं, आणि तिथे यजमान ठरलेला असायचा. कार्य हॉटेलात गेलं तेव्हा स्वयंपाक, भांडी, आवराआवर ही कामं हॉटेलने उचलली. यजमानाचं काम मात्र हॉटेल करू शकत नाही, आणि आपणही ते तिथे गेल्यावर सोडून देतो. सगळेच गिऱ्हाईक होऊन बसतात. म्हणून माझं आवाहन असं: हॉटेलात जा, जरूर जा, पण घरातल्या एकाने त्या संध्याकाळचं यजमानपण स्वतःकडे घ्यावं. ते कसं निभवायचं, हे पुढे सांगतो.

आधी विचारा, आणि नीट विचारा

‘‘आई, तुला कुठे जायचंय?’’ या प्रश्नाला ‘‘तुम्ही न्याल तिथे’’ हेच उत्तर येणार. प्रश्न सोपा करून विचारा. ‘‘आई, ओळखीचं जेवण हवंय की नवीन काही खाऊन बघायचंय?’’ ‘‘बाबा, तुम्हाला थाळी बरी वाटेल की निवडून मागवलेलं?’’ दोन-तीन पर्याय समोर ठेवले की माणूस बोलतो. घरातल्या तरुणांची आवड आणि उत्सवमूर्तीची आवड यांत अंतर असेल, तर त्या दिवशी तरुणांनी दोन पावलं मागे यावं. ज्यांना सुशी खायची आहे त्यांना ती पुढच्या शनिवारीही मिळेल.

कधीकधी उत्तर आपल्याला हवं असलेलं नसतं. आजीला श्रेयसमधली किंवा दुर्वांकुरमधली मराठी थाळीच हवी असते, आणि आपण मनात पंचतारांकित हॉटेल धरलेलं असतं. अशा वेळी थाळीलाच जा. थाळीत वाढपी फिरत असतो, आग्रह होतो, मागावं लागत नाही, आणि आजीला तेच हवं असतं. उलट एखादे आजोबा म्हणतील, ‘‘त्या मोठ्या हॉटेलात आतून कसं असतं, एकदा बघायचं होतं.’’ मग त्यांना तिथेच न्या. आपल्या प्रतिष्ठेला कुठलं हॉटेल शोभतं, हा विचार मात्र बाजूला ठेवा.

तारीख ठरवताना दिनदर्शिका उघडा. संकष्टी असेल तर चंद्रोदयापर्यंत आईचा उपवास आहे, आणि तो कित्येकदा रात्री नवाच्या आसपास सुटतो. घरातले कोणी सोमवारी, गुरुवारी किंवा शनिवारी सामिष खात नसतील, श्रावण पाळत असतील, तर तेही आधी पाहा. एकाच स्वयंपाकघरात सामिष आणि शाकाहारी दोन्ही शिजतं याचा कुणाला त्रास होत असेल, तर शुद्ध शाकाहारी ठिकाण निवडा. टेबलावर बसल्यावर या गोष्टी निघाल्या की त्या माणसाला आपण सगळ्यांची अडचण झाल्यासारखं वाटतं.

आणि घरातून निघण्याआधी औक्षण करा. पाटावर बसवून, कुंकू-अक्षता लावून, सुपारी आणि सोन्याची अंगठी घेऊन ओवाळायला फार वेळ लागत नाही. हॉटेलात दिवे मंद करून, मोठ्याने गाणं लावून, चार वेटर टाळ्या वाजवत केक आणतात. ते कुणाला आवडतं, कुणाला त्याने ओशाळल्यासारखं होतं. तेही आधी विचारा, आणि नको असेल तर बुकिंग करतानाच तसं सांगून ठेवा.

वेळ, जागा आणि रस्ता

मोठ्या हॉटेलांत गर्दी रात्री नऊनंतर होते. सत्तरीच्या माणसाचं जेवण साडेसात-आठला झालेलं असतं. म्हणून सातची वेळ घ्या. तेव्हा हॉटेल शांत असतं, वेटरला वेळ असतो, जेवण लवकर येतं. मधुमेह असलेल्यांसाठी तर ही गोष्ट गंभीर आहे. इन्सुलिन घेतलं आणि ताट यायला तासभर उशीर झाला, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. इंजेक्शन किंवा गोळी कधी घ्यायची, हे त्या दिवसापुरतं डॉक्टरांना विचारून ठेवा. दुपारचं जेवण ठेवलंत तरी उत्तम. पुष्कळ ज्येष्ठांना तेच सोयीचं पडतं.

बुकिंगच्या फोनवर तीन प्रश्न जरूर विचारा. पायऱ्या किती आहेत आणि लिफ्ट आहे का? टेबल स्पीकरपासून लांब मिळेल का? पाठ टेकायला नीट खुर्ची आहे का, की उंच स्टुलं आणि खोल सोफे आहेत? कानाला यंत्र लावणाऱ्या माणसाला गोंगाटात शेजारचंही ऐकू येत नाही, कारण यंत्र आजूबाजूचा आवाजही मोठा करतं. अशा माणसाला टेबलाच्या टोकाला मानाने बसवू नका. मधोमध, भिंतीकडे पाठ करून बसवा, म्हणजे सगळ्यांचे चेहरे दिसतात आणि बोलणं ऐकू येतं. स्वच्छतागृह कुठे आहे, वाटेत पायऱ्या आहेत का, हे यजमानाने पोचल्या पोचल्या पाहून घ्यावं.

जाण्यायेण्याचाही विचार हवा. शनिवारी संध्याकाळी कोथरूडहून कोरेगाव पार्कला गाडीने जायचं म्हणजे माणूस पोचेपर्यंत दमतो. मार्च २०२४ पासून वनाजहून निघणारी मेट्रो थेट रामवाडीपर्यंत जाते. बंडगार्डन आणि कल्याणीनगर ही स्थानकं त्याच मार्गावर आहेत, आणि स्थानकांत लिफ्ट आहेत. ज्यांना चालवतं त्यांच्यासाठी हा प्रवास सुखाचा आहे. स्थानकापासून पुढे रिक्षा करा. गणपतीच्या दिवसांत मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, तेव्हा वाढदिवस आलाच तर नदीपलीकडे जाण्याचा हट्ट सोडून घराजवळचं ठिकाण पाहा. टेबलावर कोणी मद्य घेणार असेल, तर परत गाडी कोण चालवणार हे घरूनच ठरवून निघा, आणि त्याने एक घोटही घेऊ नये.

मागवणं हे यजमानाचं काम

आता बहुतेक हॉटेलांचं मेन्यूकार्ड त्यांच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर पाहायला मिळतं. आदल्या दिवशी ते उघडा आणि आईशेजारी बसून वाचा. कुठला पदार्थ कशाचा आहे, तिखट की सपक, चीजचा की नारळाच्या दुधाचा, हे मराठीत सांगा. किमतींचा रकाना तिला दाखवायची गरज नाही. दोन-तीन पदार्थ तिथेच ठरवून ठेवा. हॉटेलात बसल्यावर पहिली ऑर्डर तिच्या पदार्थांची द्या, आणि ती तुम्ही द्या. एखाद्या पदार्थाबद्दल शंका असेल तर वेटरला मोकळेपणाने विचारा. न समजणाऱ्या नावाबद्दल विचारण्यात कमीपणा काहीच नाही, आणि चांगल्या हॉटेलातला वेटर ते आनंदाने सांगतो.

एका डिशमध्ये किती जणांचं होईल, हेही विचारा. सहा जणांसाठी सहा स्टार्टर मागवले की मुख्य जेवण येईपर्यंत पोटं भरलेली असतात आणि अर्धं अन्न टाकून द्यावं लागतं. कमी मागवा, वाटून खा, लागलं तर पुन्हा मागवा. उरलं तर बांधून घ्या. पैसे मोजून घेतलेलं अन्न घरी नेताना लाजू नका. दाण्याची, दुधाची, गव्हाची किंवा कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेलं कुणी असेल तर ऑर्डर देण्याआधी सांगा. देशभरात दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेलांनी मेन्यूवर उष्मांक आणि अ‍ॅलर्जी होऊ शकणारे घटक लिहावेत, असा केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. एकट्या-दुकट्या हॉटेलात ते लिहिलेलं असेलच असं नाही, तिथे विचारावंच लागतं.

काटे-चमच्यांचं दडपण कुणावर येऊ देऊ नका. घरातल्या एकाने हाताने खायला सुरुवात केली की बाकीच्यांचा संकोच जातो. ती सुरुवात यजमानाने करावी.

बिल आधीच समजून घ्या

मोठ्या हॉटेलातल्या जेवणात मनाला सगळ्यात जास्त टोचतं ते शेवटचं बिल, आणि त्याचं कारण बरेचदा रक्कम नसून अनपेक्षितपणा असतो. म्हणून हिशेब आधी कळलेला बरा.

साध्या स्वतंत्र रेस्टॉरंटच्या जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. बिलावर तो केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच असा दोन ओळींत दिसतो. खोल्यांचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर असलेल्या मोठ्या हॉटेलांच्या आतल्या रेस्टॉरंटमध्ये हाच कर साधारणपणे १८ टक्के असतो. म्हणजे सहा हजारांचं जेवण एका ठिकाणी ६,३०० रुपयांना आणि दुसऱ्या ठिकाणी ७,०८० रुपयांना पडतं. मद्यावर जीएसटी नसतो, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो, म्हणून त्याची ओळ वेगळी असते.

यांच्या जोडीला कधी ‘सर्व्हिस चार्ज’ येतो. हा सरकारी कर नाही. तो हॉटेलने लावलेला आकार आहे, आणि तो देणं-न देणं ग्राहकाच्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट केलं: सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप जोडायचा नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचा नाही, तो न देणाऱ्याला आत येण्यापासून अडवायचं नाही आणि तो धरून त्यावर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलमालकांच्या संघटना याविरुद्ध न्यायालयात गेल्या, पण २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने या सूचना योग्य ठरवल्या. त्याविरुद्ध संघटनांनी अपील केलं आहे.

याचा आपल्या बिलावर किती परिणाम होतो ते पाहा. सहा हजारांच्या जेवणावर १० टक्के सर्व्हिस चार्ज म्हणजे ६००. तो धरून ६,६०० वर ५ टक्के जीएसटी लावला तर ३३०. एकूण ६,९३०. सर्व्हिस चार्ज नसता तर ६,३०० झाले असते. ६३० रुपयांचा फरक पडतो.

तो आकार तुम्हाला खुशीने द्यायचा असेल तर द्या. नको असेल तर काढून टाकायला सांगा. पण सांगायची जागा आणि वेळ नीट निवडा. बुकिंगच्या फोनवरच विचारा: ‘‘तुमच्याकडे बिलात सर्व्हिस चार्ज लावतात का? आम्हाला तो नको आहे.’’ तिथे विसरलात, तर जेवण झाल्यावर यजमानाने काउंटरवर जाऊन शांतपणे बोलावं. वाढदिवसाच्या टेबलावर, आईसमोर, वेटरशी हुज्जत घालू नये. तिने आधीच ‘कशाला एवढा खर्च’ म्हटलेलं असतं, त्यात ही भर नको. व्यवस्थापनाने ऐकलंच नाही तर बिल जपून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत याच शहरात सुरू केली. पुणेकराने बिल वाचायला आणि बोलायला संकोचावं असं काही कारण नाही.

पाण्याचंही आधी बोला. बसल्या बसल्या ‘कुठलं पाणी?’ असं विचारतात आणि पाहता पाहता पाच-सहा बाटल्या उघडल्या जातात. हॉटेलात बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने देता येतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे. त्यामुळे नको असेल तर ‘‘साधं पाणी द्या’’ एवढंच ठामपणे म्हणा.

यातला सगळ्यात नाजूक भाग भावंडांमधला आहे. एक भाऊ आयटीत, बहीण परदेशात, दुसऱ्या भावाचं छोटं दुकान. जागा मोठ्या पगाराच्या माणसाने निवडायची आणि बिल समसमान वाटायचं, हा अन्याय आहे, आणि तो सोसणारा कधी बोलत नाही. पुढच्या वेळी तो काहीतरी कारण सांगून येत नाही. म्हणून दोनच रस्ते ठेवा. परवडणाऱ्याने आधीच म्हणावं, ‘‘दादा, या वेळचं माझ्याकडे,’’ आणि तो विषय तिथेच संपवावा. किंवा सगळ्यांना झेपेल अशीच जागा निवडावी. वर्गणी ठरली असेल तर ती आदल्या दिवशी जमा करा. टेबलावर पाकिटं काढून ओढाताण नको, आणि कुणी किती दिले याचा उच्चार तर कधीच नको.

वाढणाऱ्याचाही मान

आपल्या पंगतीत वाढणाऱ्याला ‘जरा इकडे या’ असं आदराने बोलावण्याची रीत आहे. हॉटेलातही ती पाळा. टेबलावर आल्या आल्या वेटरचं नाव विचारा, ‘‘आज आमच्या आईचा वाढदिवस आहे, तिच्याकडे जरा लक्ष असू द्या’’ असं सांगा. ही एवढी ओळख झाली की तो माणूस त्या संध्याकाळी तुमचा मदतनीस होतो. आईचं पाणी संपलेलं त्याला तुमच्याआधी दिसतं. चुटक्या वाजवणं, ‘ए’ करून हाक मारणं, उशीर झाल्यावर आवाज चढवणं, हे नातवंडांसमोर तर मुळीच नको. उशीर स्वयंपाकघरात झालेला असतो, बोलणी मात्र त्याला खावी लागतात. समाधान झालं असेल तर टिप थेट त्याच्या हातात द्या, आणि ती नातवाच्या हातून द्या.

बाकी दोन गोष्टी थोडक्यात. फोटो पहिल्या दहा मिनिटांत काढा आणि मग फोन पिशवीत टाका. आणि लहान मुलांना आळीपाळीने सांभाळा. नाहीतर ज्या आजीचा वाढदिवस, तीच नातवाला भरवत बसते आणि तिचं पान गार होतं.

यातलं कुठलंच काम अवघड नाही. थोडी विचारपूस, आदल्या दिवशीचे दोन फोन आणि त्या संध्याकाळी एका माणसाचं पूर्ण लक्ष, एवढंच लागतं. तुमच्या घरात पुढचा वाढदिवस कुणाचा आहे, ते आठवा. त्या दिवसाचा यजमान कोण, हे भावंडांनी आजच ठरवा. तो मान दर वर्षी फिरता ठेवा, म्हणजे एकाच सुनेवर किंवा एकाच मुलीवर भार पडणार नाही. आणि ज्याच्याकडे तो मान आला, त्याने हॉटेलला फोन करण्याआधी उत्सवमूर्तीला फोन करून विचारावं: तुला कुठे जायला आवडेल, कोण कोण यायला हवंय, आणि काय खावंसं वाटतंय? उत्तर यायला वेळ लागला तर थांबा, पण ते तिच्याच तोंडून येऊ द्या.